खाली पदर पसरून कोणी उभे नव्हते

"दादा कातळाच्या टोकावर उभे होते. खाली समुद्र उसळत होता. आणि काठावर, कडेवर तान्ही सुनीता घेऊन, पदर पसरून, डोळे मिटून आमच्या वहिनी देवाचा धावा करीत उभ्या होत्या. दादांनी उडी घेतली आणि दादा सुखरूप वर आले, ते त्या पदराच्या पुण्याईने."

भानू, असे परवा विलास बोलला. बोरीवलीत, आपल्याच सोसायटीच्या हॉलमध्ये, तुझ्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभा राहून बोलला, आणि बोलता बोलता रडला. हॉलमधल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी उठून उभा राहणार होतो, पण सुनीताने माझे मनगट घट्ट धरून ठेवले होते आणि "बाबा, आज नको," असे ती दोनदा पुटपुटली. आपल्या मुलीच्या हातात तुझा जोर उतरला आहे. मला बसून राहावे लागले.

विलास खोटारडा नाही, हे मी जाणतो. तुझ्या हातचे जेवून तो मोठा झाला, माझ्याकडे सिनेमासाठी पडायला शिकला, आज स्वतः फाइट मास्टर आहे आणि पडद्यावर त्याचे नाव लागते. त्याचे अश्रू खरे होते. त्याचे विधान मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत चुकीचे होते. त्याने तुला त्या कातळाखाली पाहिलेच नाही. त्या वेळी तो शाळेतही जात नव्हता. त्याने पाहिले ते शेकडो सिनेमे. त्यांत पुरुष काही धाडस करायला निघाला की खाली कोणी तरी बाई हात जोडून उभी असतेच. कधी ती आई असते, कधी बायको, कधी बहीण. तिने फक्त उभे राहायचे असते. त्या बाईला विलासने तुझा चेहरा चिकटवला आणि त्याला वाटले, आपण वहिनींना श्रद्धांजली वाहिली.

पुढच्या महिन्यात अंधेरीला, आम्हा फायटर लोकांच्या संघटनेच्या कार्यालयात, त्या उडीचे छायाचित्र भिंतीवर लागणार आहे. खाली नाव माझे असेल, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'वहिनींच्या समर्थ साथीसह'. सोबत तुझी एक स्मरणिकाही निघते आहे. तिच्यासाठी विलासने माझ्याकडे चार ओळी मागितल्या. मी चार ओळींवर थांबणारा माणूस नाही. हा मजकूर छापायचा असेल तर पूर्ण छापावा, नाही तर पूर्ण परत करावा. आणि ते छायाचित्र लागायचे असेल तर त्याखाली एकच नाव लागावे, आणि ते माझे नसावे.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "आला बघा छापील भाषेत! व्यासपीठावर चढलास काय?" चारचौघांत तू मला 'अहो' म्हणायचीस, वैतागलीस की त्याचा 'अरे' व्हायचा. खरे सांगतो, तो 'अरे' ऐकण्यासाठी मी कित्येकदा मुद्दाम वाद काढला. आता घरात कोणी वैतागत नाही.

स्मरणिका वाचणाऱ्या नव्या मुलांना आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. त्या काळी नायिकेच्या उड्या, नायिकेचे घोड्यावरून पडणे, काच फोडून बाहेर येणे, हे सगळे साडी नेसलेला आणि विग घातलेला पुरुष करीत असे. त्याला डुप्लिकेट म्हणत. बाईला ते काम मिळत नसे. "बाईमाणसाला लागलं तर जबाबदार कोण?" असे निर्माते विचारीत. पुरुषाला लागले तर जबाबदार कोण, हे मात्र कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मी अंगाने शिडशिडीत, खांद्याने अरुंद. म्हणून नायिका माझ्या वाट्याला आल्या. त्याची मला कधीही लाज वाटली नाही. साडीत घेतलेली उडी पँटमधल्या उडीपेक्षा कठीण असते, आणि ज्याला खोटे वाटते त्याने निऱ्या सांभाळत माडीवरून पडून दाखवावे. सेटवर मला शीळ घालणाऱ्यांनी ती पुन्हा घालू नये, याची व्यवस्था मी त्या त्या वेळी केली आहे.

आपली गाठ पडली तीही मी साडीत असतानाच. तुमच्या खारदांड्याच्या किनाऱ्यावर शूटिंग होते आणि गर्दी म्हणून गावातल्या बायका उभ्या केल्या होत्या. गुंड मागे लागले आहेत आणि नायिका वाळूतून पळते आहे, असा तो प्रसंग. "बाईसारखं धाव," असे दिग्दर्शकाने मला सांगितले होते. मी धावलो. टाचा उचलून, दोन्ही हात बाजूंना पसरून, मान वेळावीत, मध्येच ठेचकाळत. आमच्या धंद्यात बाई अशीच धावत असे. आणि गर्दीतून एक खणखणीत हसू आले.

"कोण हसलं?" दिग्दर्शक ओरडला.

"मी," म्हणत तू पुढे आलीस. "ही कोण बाई? पायाला विंचू डसला काय हिच्या?"

"हिच्यामागे गुंड लागलेत."

"मग हात कशाला पसरते? उडून जाणार हाय? बाई धावते तेव्हा पदर खोचते नि धावते."

"बाई, ही हिरॉइन आहे, कोळीण नव्हे."

"का? हिरॉइनीला पाय नसतात?"

गर्दीतल्या सगळ्या बायका हसल्या आणि तेवढ्यात ऊन गेले; शॉट दुसऱ्या दिवसावर ढकलला. विगच्या आत घामाने भिजलेला मी तुझ्याकडे पाहत होतो. माझी चाल चुकीची आहे हे मला तोवर कोणीही सांगितले नव्हते, कारण ती चुकीची आहे हे सेटवरच्या कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही सगळे पुरुष. लिहिणारा पुरुष, कॅमेऱ्यातून पाहणारा पुरुष, आणि साडी नेसून धावणारा मी. त्या नायिकेला जन्म आम्हीच दिला होता आणि तिला चालायलाही आम्हीच शिकवले होते.

त्यानंतरची हकीकत मी इथे सांगणार नाही. तुझ्या गावचा विरोध, माझ्या आईचा अबोला, हे सगळे तुझे माझे आहे. एवढेच नोंदवतो की लग्नानंतर तू कपडेपटात आलीस आणि माझ्यासारख्यांना साड्या नेसवू लागलीस. तुझ्या नेसवण्यात खुबी होती. आत लुगड्यासारखा घट्ट कासोटा आणि वरून दिसायला गोल साडी, त्यामुळे कॅमेऱ्याला नायिका दिसे आणि फायटरला पाय मोकळे मिळत. तू आल्यापासून साडीत पाय अडकून पडलेला डुप्लिकेट मी पाहिला नाही.

आणि तू आल्यापासून माझे जगणे मात्र एका प्रश्नात अडकले. सेटवर कोणी "बाईसारखं कर" म्हटले की तू माझ्याकडे बघून भुवया उंचवायचीस, आणि घरी आल्यावर भाकरी थापता थापता विचारायचीस, "बाईसारखं म्हणजे कुठल्या बाईसारखं? तिला पाहिलंय कोणी?" मी सांगायचो की लोकांना तेच आवडते. तू म्हणायचीस, "लोकांना दुसरं वाढलंय कधी?" हा आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही. माझ्या बाजूने एवढेच म्हणतो की मी हरलो नव्हतो. तू मात्र गेलीस, आणि आता समोरच्या बाजूला कोणी नसताना जिंकण्यात मला रस उरलेला नाही.

आता ती उडी.

विलासच्या विधानातला एकेक शब्द घेतो. 'कडेवर तान्ही सुनीता.' सुनीता त्या दिवशी खारदांड्याला तुझ्या आईजवळ होती. पहिल्यांदा ही गोष्ट कोणी सांगितली तेव्हा तू नुसती उभी होतीस. पुढच्या वेळी तुझे हात जोडले गेले. मग पदर पसरला. आणि परवा कडेवर मूलही आले. मी आणखी काही वर्षे जगलो तर तू निर्जळी उपवासही केलेला असशील. 'डोळे मिटून.' तुझे डोळे उघडे होते. तू पाण्याकडे बघत होतीस. 'पदर पसरून.' तुझा पदर खोचलेला होता, तोही नायिकेच्या साडीचा, कारण ती साडी तुझ्या अंगावर होती.

ठरले होते ते वेगळेच. कातळाच्या अलीकडे, जमिनीवर, जाळे बांधून त्यावर पडायचे होते. तिथे पोचल्यावर कॅमेरामनला समुद्र आवडला. आमच्या धंद्यात ठरते एक आणि मागितले जाते दुसरे. होडीतून कॅमेरा लांबून लावला, आणि निरोप आला की नायिका आता कातळावरून थेट पाण्यात उडी घेईल. मी साडी नेसून, विग घालून तंबूत तयार होतो. तंबूत तू आणि मी. तू मला काही विचारले नाहीस. विचारण्यासारखे काही नव्हतेच, तुला सगळे ठाऊक होते.

"सोड ती साडी," तू म्हणालीस.

"भानू, वेड लागलंय का तुला?"

"सोड म्हणते ना. भरती पुरी चढलीय, आता खाली खडक लागायचा नाय. वेळ घालवलास तर लागेल. आणि तो विग दे इकडे."

"अगं, बघतील सगळे."

"काय बघतील? साडीतला माणूस बघतील. साडीत बाई असेल असं इथं कोणाच्या डोक्यात तरी येणार हाय का?"

तुझे म्हणणे खरे ठरले. तोंडावर पदर ओढून तू तंबूतून बाहेर पडलीस, तेव्हा दिग्दर्शकाने तुला माझ्या नावाने हाक मारली आणि एका फायटरने तुझ्या पाठीवर थाप मारून "झकास मार, यार," असे बजावले. बाई बाईच्या वेशात भर उन्हात सगळ्या युनिटसमोरून चालत गेली आणि तिला कोणीही ओळखले नाही. जगातले सगळ्यात मोठे वेशांतर तू केलेस, आणि त्यासाठी तुला वेश बदलावा लागला नाही.

मी तंबूच्या फटीतून पाहत होतो. तू कातळाच्या टोकाशी गेलीस आणि थांबलीस. हात पसरले नाहीस. मान वेळावली नाहीस. वळून मागे पाहिले नाहीस, जे नायिकेने पाहावे असे दिग्दर्शकाने बजावून सांगितले होते. दोन पावले मागे आलीस आणि गेलीस. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ माणसे पडताना पाहिली. पडणे हा माझा धंदा होता. इतके सरळ खाली जाणारे अंग मी पुन्हा पाहिले नाही. त्यानंतर पाण्यावर काहीच दिसेना. तो वेळ किती होता हे मला सांगता येणार नाही. कोणी देवाचा धावा केलाच असेल, तर तो तंबूत उघड्या अंगाने उभ्या असलेल्या माणसाने केला. विलास, हे लक्षात घे.

तू कातळाला वळसा घालून मागच्या बाजूने बाहेर आलीस. तंबूत शिरलीस, धाप लागलेली, ओठ निळे, आणि पहिली गोष्ट काय केलीस, तर कोपऱ्यातली पाण्याची कळशी उचलून माझ्या डोक्यावर ओतलीस. "जा बाहेर. टाळ्या वाजवायला आलेत." मी नको म्हणत असतानाच तू मला तंबूबाहेर ढकललेस. युनिटने मला खांद्यावर घेतले. तू आत साडी पिळलीस, वाळत घातलीस आणि डबा उघडून जेवलीस. सुकी करंदी आणि भाकरी. मला उरवली नव्हतीस.

सिनेमा लागला तेव्हा आपण दोघे पाहायला गेलो. नायिका कातळावर आली, उडी घेतली, थिएटरमध्ये शिट्ट्या पडल्या. मी तुझा हात दाबला. आणि पुढच्याच क्षणी नायक पाण्यात झेपावला! स्टुडिओच्या हौदात, कमरेइतक्या पाण्यात, त्याने बेशुद्ध नायिकेला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणले. तिने पापण्या उघडल्या आणि म्हणाली की तुम्ही नसता तर मी वाचले नसते.

"मी आपली आपण आले!" तू थिएटरमध्ये मोठ्याने म्हणालीस.

"ओ बाई, गप बसा," पुढच्या रांगेतून आवाज आला.

"तुम्ही गप बसा. मला बुडवलं त्यांनी!"

पुढच्या प्रसंगात नायिका चुलीशी बसून नायकाला वाढत होती. तू उठून बाहेर गेलीस. मी मागे आलो आणि समजूत घालू लागलो की कथेची तशी गरज असते, नायकाला काही तरी काम हवे. "माझं नाव नको लावू दे त्यांना," तू म्हणालीस. "पण एवढी उडी मारलेली बाई दोन हात मारून काठाला येते, एवढं तरी दाखवायचं. एवढंसुद्धा नाय झालं?" हे वाक्य तू पुढे आयुष्यभर, टीव्हीसमोर, निरनिराळ्या शब्दांत म्हणत राहिलीस. मालिकेतली कोणी सून जिन्यावरून घसरली आणि नवऱ्याने झेलली, की तू लगेच विचारायचीस, "हिला कठडा धरता येत नाय?"

माझे काम बंद झाल्यावर मी ही हकीकत सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा संघटनेच्या मेळाव्यात, माईक हातात घेऊन, स्पष्ट मराठीत सांगितले की ती उडी माझी नव्हे, माझ्या पत्नीची. काय झाले? टाळ्या पडल्या. "दादांचा मोठेपणा बघा," असे अध्यक्ष म्हणाले. छायाचित्र दाखवून मी विचारले, यातले हात बघा, अंगालगत आहेत. मी नायिका म्हणून कधी अशी उडी घेतली आहे? विलास म्हणाला, "दादा, त्या दिवशी तुम्ही स्टाईल बदलली असणार. उस्ताद आहात तुम्ही." एक शिकलेली मुलगी सिनेमातल्या बायकांवर अभ्यास करीत होती, ती घरी आली. साडी नेसताना पुरुष म्हणून मला काय वाटायचे, हे तिने फार बारकाईने विचारले. तू तिच्यासमोर पोह्यांची बशी ठेवलीस. मी म्हटले, "उडी यांनी मारली, यांना विचारा." मुलगी गोड हसली. तुला म्हणाली, "काकू, किती मान देतात हो काका तुम्हाला!" आणि पुढचा प्रश्न मला विचारला. तिने छापले त्यात एक वाक्य होते: पडद्यावरच्या शूर स्त्रिया वस्तुतः पुरुष होत्या. तिच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण शूर स्त्री तिच्या हाताच्या अंतरावर बशी धरून उभी होती, आणि तिने लिंबू तेवढे मागून घेतले.

सर्वांत जास्त लागले ते सुनीताचे. मुलुंडहून ती आली होती, तुझी तब्येत उतरू लागली होती. मी पुन्हा विषय काढला तर म्हणाली, "बाबा, आईला उगाच मोठं करू नका. ती होती तशीच मोठी होती. आणि खरं सांगा, तुम्ही तिथे असताना तुम्ही तिला कशाला उडी मारू द्याल?"

सगळे शेवटी याच प्रश्नाशी येऊन थांबतात. अध्यक्ष, विलास, सुनीता. तुम्ही असताना बाईमाणूस कशाला? ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे, आणि उडी कोणाची हे सांगितले तरी ते उत्तर द्यायला तू मला बंदी केली होतीस. आधी कारण होते माझ्या कामाचे: "कळलं तर दारात उभा करणार नाय तुला कोणी." काम संपल्यावर मी म्हटले, आता सांगतो. तू म्हणालीस, "नको. ही पोरं तुझ्या पाया पडून उडी मारायला जातात. त्यांना कोणी तरी लागतं. मी आहे तोवर नाय बोलायचं, माझी शपथ." त्यावर आपण भांडलो, आणि तू तीन दिवस मला 'अहो' म्हणत राहिलीस. मला तेव्हा म्हणायचे होते की त्या पोरांनी तुझ्या पाया पडायला हवे. ते राहून गेले. आणखी एक राहून गेले. पाण्याखाली गेल्यावर तुला काय दिसले, हे मी तुला एकदाही विचारले नाही. इतकी वर्षे एका घरात राहून एवढा साधा प्रश्न!

रुग्णालयातली शेवटची दुपार. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या मोबाइलवर सिनेमा चालू होता आणि त्यात कोणी आई मरणाच्या दारात मुलाचा हात धरून लांबलचक बोलत होती. तू डोळे न उघडता म्हणालीस, "हिला एवढा श्वास कुठून पुरतो गं?" शेजारच्या बाई हसल्या, मीही हसलो. तू स्वतः काहीच लांबलचक बोलली नाहीस. सुनीता पोचेपर्यंत तू गेली होतीस.

तुला घरी आणल्यावर शेजारणी जमल्या. भल्या बायका आहेत. त्यांनी हिरवी साडी आणली आणि "सवाष्ण गेली, भाग्याची," असे एकमेकींना सांगू लागल्या. कोणाचे भाग्य? मी मागे राहिलो हे तुझे भाग्य कसे होते, हे मला कोणी तरी समजावून द्यावे. मी सांगितले की हिला हिच्या पद्धतीचे लुगडे नेसवायचे. त्यांच्यापैकी कोणालाच ते येईना. सुनीतालाही तू शिकवले नव्हतेस, तिला वेळ नव्हता. तेव्हा मी सर्वांना बाजूला व्हायला सांगितले. "अहो काका, पुरुषांनी नसतं नेसवायचं," एक जण म्हणाल्या. मी म्हटले, हिने मला शिकवले आहे, आणि इथे दुसरे कोणी शिकलेले नाही. सुनीताने तुला टेकू दिला. मी कासोटा घातला, तू घालायचीस तसा घट्ट. एक निरी वाकडी आली, ती सोडून पुन्हा घेतली. सुनीता माझ्या हातांकडे पाहत राहिली.

लोक आता याचीही गोष्ट करू लागले आहेत: दादांनी किती प्रेमाने वहिनींना शेवटचे लुगडे नेसवले. तेही मला मान्य नाही. प्रेम होतेच, पण ते काम मी प्रेमाने केले नाही, नीट केले. वाकडी निरी तू खपवून घेतली नसतीस.

आता घरात संध्याकाळी टीव्ही लागत नाही. बाजारात मासळी घेताना ताजे-शिळे मला कळत नाही. कोळिणी मला ओळखतात आणि स्वतःच निवडून देतात, आणि त्यांच्या तोंडून तुझी बोली ऐकू आली की मला घाईघाईने तिथून निघावे लागते. मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे. पण ज्या माणसाशी भांडायचे, तेच गेल्यावर उरलेल्यांशी भांडण्यात दम नाही. हे एक भांडण तेवढे शिल्लक आहे. तू 'मी आहे तोवर' म्हणाली होतीस. ती मुदत संपली. शपथ मी पाळली आहे.

तेव्हा विलासला, अध्यक्षांना, त्या शिकलेल्या मुलीला आणि माझ्या मुलीला, सगळ्यांना मिळून एकदाच सांगतो. त्या दिवशी मला ताप नव्हता. माझे हाड मोडलेले नव्हते. मी उंचीला भ्यालो नव्हतो. त्याहून उंचावरून मी जमिनीवर, जाळ्यावर आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांवर पडलो आहे, आणि त्या प्रत्येक उडीवरचा माझा हक्क मी कोणालाही सोडणार नाही. छायाचित्रातली उडी माझी असती, तर तिच्यानंतर मी परत आलो नसतो, आणि आज हे लिहायला जिवंत नसतो.

मला पोहता येत नाही.